कोशिका-कंकाल व कोशिका-प्रकारांतर

कोशिकेच्या (पेशीच्या) जीवद्रव्यात पसरलेल्या सूक्ष्म प्रथिन-तंतूंच्या व नलिकांच्या जाळ्याला ‘कोशिका-कंकाल’ (कोशिकेचा सांगाडा) असे म्हणतात. एका प्रकारच्या कोशिकेने आपली रचना, कार्य व आपल्यात व्यक्त होणारी जनुके (आनुवंशिक लक्षणे ठरविणारी एकके) बदलून दुसऱ्या प्रकारच्या कोशिकेचे रूप धारण करणे म्हणजे ‘कोशिका-प्रकारांतर’ होय. भ्रूणातील सामान्य कोशिकांपासून त्वचा, स्नायू, तंत्रिका (मज्जा) इ. विशिष्ट कोशिका तयार होणे (विभेदन), विशिष्ट झालेल्या कोशिकेने आपली लक्षणे गमावणे (निर्विभेदन) आणि एका विशिष्ट कोशिकेचे दुसऱ्या विशिष्ट कोशिकेत रूपांतर होणे, या तिन्ही घटनांचा त्यात समावेश होतो.

मानवी शरीरात कोशिकांचे दोनशेहून अधिक प्रकार ओळखता येतात. काही अपवाद सोडल्यास या सर्व कोशिकांतील जनुके तीच असतात; त्यांपैकी कोणती व्यक्त व्हावयाची यावर कोशिकेचा प्रकार अवलंबून असतो. ही निवड हॉर्मोने, वृद्धिघटक व अन्य रासायनिक संकेत यांच्यामुळे होते, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. कंकालाकडे मात्र दीर्घकाळ या निवडीचा केवळ परिणाम म्हणून पाहिले जाई. कोशिकेचा प्रकार आधी ठरतो व तिला साजेसा आकार मागाहून येतो, अशी ही समजूत होती. १९७८ नंतरच्या प्रयोगांवरून हे नाते दुहेरी असल्याचे स्पष्ट झाले. कोशिकेचा आकार, तिच्या तंतूंवरील ताण आणि ती ज्या पृष्ठभागाला चिकटलेली असते त्याची ताठरता यांचा परिणाम कंकालामार्फत केंद्रकापर्यंत (कोशिकेतील क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या गोलसर भागापर्यंत) पोहोचतो व कोणती जनुके व्यक्त व्हावीत हे ठरविण्यात तोही वाटा उचलतो. जखम भरून येणे, व्रण राहणे, कर्करोगाचा फैलाव आणि प्रयोगशाळेत ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) वाढविणे या सर्व बाबींशी या शोधाचा निकटचा संबंध आहे.

इतिहास : कोशिकेला आकार देणारी तंतुमय चौकट तिच्या आत असावी, अशी कल्पना रशियन जीववैज्ञानिक निकोलाय कोल्त्सोव यांनी १९०३ मध्ये मांडली. ‘कोशिका-कंकाल’ या अर्थाची फ्रेंच संज्ञा भ्रूणवैज्ञानिक पॉल व्हँत्रबेर यांनी १९३१ साली वापरली. तथापि त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांतून हे तंतू दिसत नसल्याने ही कल्पना बराच काळ तर्काच्या पातळीवरच राहिली. १९४२ साली हंगेरीतील सेगेड येथे आल्बेर्ट सेंट-ड्यर्डी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी स्नायूमधून ॲक्टिन हे प्रथिन वेगळे केले. ॲक्टिन हे स्नायूपुरतेच मर्यादित असावे असे प्रथम मानले गेले. परंतु १९६६ मध्ये हातानो व ओसावा या जपानी संशोधकांनी ते श्लेष्मकवकातूनही मिळविले आणि पुढे केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व कोशिकांत ते असल्याचे आढळून आले.

कोशिकांचे ग्लुटाराल्डिहाइडाने स्थिरीकरण करण्याची (त्यांची रचना जशीच्या तशी टिकविण्याची) पद्धत १९६३ मध्ये उपलब्ध झाली. पूर्वीच्या रसायनांमुळे सूक्ष्मनलिका नष्ट होत; नव्या पद्धतीमुळे त्या टिकून राहिल्या आणि त्याच वर्षी मायरन लेडबेटर व कीथ पोर्टर यांनी वनस्पतींच्या कोशिकांत त्यांचे स्पष्ट वर्णन केले. १९६७ साली गॅरी बोरिसी व एडविन टेलर यांनी कॉल्चिसीन या अल्कलॉइडाशी बद्ध होणारे प्रथिन शोधून काढले. त्यालाच १९६८ मध्ये हिदेओ मोहरी यांनी ट्युब्युलिन हे नाव दिले. कॉल्चिसीन हे कॉल्चिकम वनस्पतीप्रमाणेच महाराष्ट्रात आढळणाऱ्या कळलावीच्या कंदांत व बियांतही असते. कळलावीच्या विषारीपणाचे ते प्रमुख कारण होय. मध्यम तंतूंची वेगळा गट म्हणून ओळख १९६८ साली इशिकावा, बिशॉफ व हॉल्टझर यांनी पटविली. १९७४ मध्ये एलियस लाझारिडीस व क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनाविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांना अनुस्फुरक (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देणारे) रंजक जोडून संपूर्ण कोशिकेतील ॲक्टिन-तंतूंचे जाळे प्रकाश सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष दाखविले. यानंतरच कोशिकेचा प्रकार बदलताना कंकालात काय घडते, याचा पद्धतशीर अभ्यास शक्य झाला.

घटक : कोशिका-कंकालात प्रामुख्याने तीन प्रकारचे तंतू असतात. (१) ॲक्टिन-तंतू किंवा सूक्ष्मतंतू : यांचा व्यास सु. ७ नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर = मीटरचा एकअब्जांश भाग). ॲक्टिनाचे गोलाकार रेणू एकमेकांस जोडले जाऊन हे तंतू बनतात व पुन्हा सुटेही होतात. कोशिकापटलालगतचे जाळे, हालचाल करणाऱ्या कोशिकेच्या पुढच्या कडेवरील पापुद्रा आणि मायोसीन या प्रथिनासह आकुंचन पावणाऱ्या जाड जुड्या (ताणतंतू) ही त्यांची मुख्य रूपे होत. (२) सूक्ष्मनलिका : ट्युब्युलिनाच्या आल्फा व बीटा या दोन उपघटकांच्या जोड्यांपासून त्या तयार होतात. नलिकेची भिंत बहुधा १३ उभ्या पदरांची व बाहेरील व्यास सु. २५ नॅनोमीटर असतो. कोशिकेतील द्रव्यांची ने-आण, केंद्रक-विभाजनाच्या वेळचा तर्कू आणि पक्ष्माभिकांचा (हालचाल करणाऱ्या केसासारख्या वाढींचा) गाभा ही त्यांची कार्यस्थाने आहेत. (३) मध्यम तंतू : यांचा व्यास सु. १० नॅनोमीटर असून ते दोरखंडासारखे पिळदार व ताण सहन करणारे असतात.

पहिले दोन प्रकार बहुतेक सर्व कोशिकांत थोड्याफार फरकाने सारखेच असतात. मध्यम तंतूंचे तसे नाही. उपकलेत (पृष्ठभाग व पोकळ्या यांना आच्छादणाऱ्या कोशिका-थरात) केराटीन, संयोजी ऊतकात व्हायमेंटिन, स्नायूत डेस्मिन, तर तंत्रिका कोशिकांत तंत्रिकातंतुप्रथिने आढळतात. केंद्रकाच्या आवरणाला आतून अस्तर असते, ते लॅमिन या प्रथिनांचे; ही प्रथिनेही याच गटातील आहेत. त्यामुळे मध्यम तंतू हे कोशिकेच्या प्रकाराचे जणू ओळखपत्रच ठरतात.

कंकाल हा इमारतीच्या सांगाड्याप्रमाणे स्थिर नसतो. ॲक्टिन-तंतू व सूक्ष्मनलिका काही सेकंदांत वा मिनिटांत मोडतात व नव्याने बांधल्या जातात. त्यासाठी लागणारी ऊर्जा उच्च-ऊर्जायुक्त फॉस्फेट संयुगांपासून मिळते. प्रकारांतरात कंकालाला इतके महत्त्व का, याचे उत्तर या अस्थिरतेत आहे. जी रचना सतत नव्याने बांधली जाते, तीच त्वरेने निराळ्या रीतीने बांधता येते. [→ कोशिका].

विभेदनातील बदल : त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी असलेल्या, विभाजन पावणाऱ्या कोशिकांत केराटीन ५ व १४ ही जोडी असते. कोशिका वरच्या दिशेला सरकू लागली म्हणजे ही जोडी तयार होणे थांबते व केराटीन १ व १० ही जोडी बनू लागते. शेवटी कोशिका मरते व तिच्यातील केराटीनाचा थर शरीराचे संरक्षण करतो. केराटीन ५ किंवा १४ च्या जनुकात उत्परिवर्तन (आकस्मिक बदल) झाल्यास तळाच्या कोशिका किरकोळ घर्षणानेही फाटतात व अंगावर फोड येतात. अशा एका आनुवंशिक त्वचाविकाराचे हे कारण १९९१ मध्ये उघडकीस आले.

कंकाल-स्नायू तयार होताना अनेक पूर्वकोशिका एकमेकींत मिसळून लांब, बहुकेंद्रकी तंतू बनतो. या वेळी सर्वसाधारण ॲक्टिनाची जागा स्नायूंचे विशिष्ट ॲक्टिन घेते, व्हायमेंटिन मागे पडून डेस्मिन पुढे येते आणि सूक्ष्मनलिकांचा उगम तारककेंद्राऐवजी (विभाजनाच्या वेळी तर्कूची टोके ठरविणाऱ्या सूक्ष्म रचनेऐवजी) केंद्रकांच्या आवरणापाशी होऊ लागतो. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तकोशिकेतून केंद्रकच बाहेर टाकले जाते. मागे राहते ते पटलाखालचे स्पेक्ट्रिन व आखूड ॲक्टिन-तंतू यांचे लवचिक जाळे. त्याच्या आधारावर ही कोशिका स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून वाकत, दबत सु. १२० दिवस फिरत राहते.

तंत्रिका कोशिकेत कंकालाचा सहभाग अधिक निर्णायक असतो. संवर्धनात (शरीराबाहेर पोषक द्रवात) वाढविलेल्या तरुण तंत्रिका कोशिकेला प्रथम सारख्याच दिसणाऱ्या अनेक शाखा फुटतात. त्यांपैकी एक झपाट्याने वाढून अक्षतंतू (संदेश दूर नेणारी लांब शाखा) होते व उरलेल्या शाखा अभिवाही होतात. कोणती शाखा अक्षतंतू होणार हे तिच्या टोकावरील ॲक्टिनाच्या सैलपणावर व आतील सूक्ष्मनलिकांच्या स्थैर्यावर अवलंबून असते, असे फ्रँक ब्राडके व कार्लोस डॉटी यांनी १९९९ मध्ये आणि ब्राडके यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. ॲक्टिन-तंतू मोडणारे किंवा सूक्ष्मनलिका स्थिर करणारे औषध अल्प प्रमाणात दिल्यास एकाच कोशिकेला अनेक अक्षतंतू फुटतात. म्हणजेच येथे कंकालातील बदल हा निर्णयाचा परिणाम नसून निर्णयाचा भाग असतो.

आकाराचा प्रभाव : १९७८ साली अमेरिकेतील जूडा फोकमन व ए. मॉस्कोना यांनी संवर्धन-पात्राच्या तळाचा चिकटपणा कमीअधिक करून कोशिकांचे पसरणे नियंत्रित केले. कोशिका जितकी पसरट तितके तिच्यातील डीएनए-निर्मितीचे प्रमाण अधिक व जितकी गोलसर तितके ते कमी, असे त्यांना आढळले. हा प्रयोग कोशिकांच्या वाढीसंबंधी होता. कोशिकेच्या प्रकारासंबंधीचा पुरावा त्यानंतर कूर्चेच्या (सांध्यांतील लवचिक ऊतकाच्या) अभ्यासातून मिळाला.

कूर्चा कोशिका नैसर्गिक अवस्थेत गोलसर असून दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन तयार करते. ती काढून काचेच्या वा प्लॅस्टिकच्या सपाट पृष्ठावर वाढविल्यास पसरट होते, तिच्यात ताणतंतू दिसू लागतात आणि ती तंतुजनक कोशिकेप्रमाणे (संयोजी ऊतकातील तंतू निर्माण करणाऱ्या कोशिकेप्रमाणे) पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागते. १९८२ मध्ये बेन्या व शॅफर यांनी सशाच्या सांध्यातील अशा बदललेल्या कोशिका मऊ ॲगॅरोज जेलमध्ये ठेवल्या. तेथे त्या पुन्हा गोल झाल्या व दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागल्या. १९८४ साली झानेटी व सोलर्श यांनी कोंबडीच्या भ्रूणातील सामान्य कोशिकांवर सायटोकॅलॅसीन डी या ॲक्टिन-तंतू मोडणाऱ्या कवकजन्य द्रव्याचा प्रयोग केला. त्या कोशिका गोल होऊन त्यांच्यापासून कूर्चा तयार झाली. येथे जेल नव्हते की नवा वृद्धिघटक नव्हता. केवळ ॲक्टिनाची मांडणी बदलली होती.

मेद कोशिकांबाबतही असेच दिसून आले. १९८३ मध्ये ब्रूस स्पीगेलमन व सी. जिंटी यांनी मेद कोशिकांच्या पूर्वकोशिका फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचा लेप दिलेल्या पृष्ठावर वाढविल्या. तेथे त्या पसरट राहिल्या व मेदनिर्मितीची जनुके व्यक्त होईनात. त्यांना गोल राहू दिल्यावर किंवा सायटोकॅलॅसीन दिल्यावर हा अडथळा दूर झाला.

या प्रयोगांत आकाराबरोबर इतर गोष्टीही बदलत असल्याने शंकेला जागा होती. ती २००४ साली क्रिस्टोफर चेन व सहकारी यांच्या प्रयोगाने बरीच कमी झाली. त्यांनी चिकट प्रथिनाचे सूक्ष्म चौकोनी ठसे उमटवून प्रत्येक ठशावर मानवी अस्थिमज्जेतील एकेक मूलकोशिका (जिच्यापासून अनेक प्रकारच्या कोशिका बनू शकतात अशी कोशिका) बसविली. पोषक द्रव सर्वांना एकच होता व त्यात अस्थी आणि मेद अशा दोन्ही दिशांना नेणारी द्रव्ये होती. सु. १,००० चौ. मायक्रोमीटर क्षेत्रफळाच्या लहान ठशांवरील गोलसर कोशिका प्रामुख्याने मेद कोशिका झाल्या, तर १०,००० चौ. मायक्रोमीटरच्या ठशांवर पसरलेल्या कोशिका अस्थिजनक झाल्या. ॲक्टिन व मायोसीन यांच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारे ‘रो’ हे प्रथिन निष्क्रिय केल्यावर कोशिका मेदाकडे वळल्या. उलट, रो-च्या पुढच्या पायरीवरील एंझाइम सतत क्रियाशील ठेवल्यावर गोलसर कोशिकाही अस्थिजनक झाल्या. यावरून आकारापेक्षा आकारामुळे तंतूंवर निर्माण होणारा ताण अधिक महत्त्वाचा ठरतो.

ताठरतेचा प्रभाव : कोशिका आपल्या आधारावर ओढ घेते, ही गोष्ट १९८० साली ॲल्बर्ट हॅरिस व सहकारी यांनी सिलिकोन रबराच्या पातळ पापुद्र्यावर कोशिका वाढवून दाखविली, पापुद्र्याला पडलेल्या सुरकुत्यांवरून ही ओढ दिसून आली. आधार मऊ असेल तर तो ओढीबरोबर सरकतो व तंतूंवर ताण साठत नाही. आधार ताठ असेल तर ताण वाढत जातो. त्यामुळे कोशिका ओढून पाहून आपल्या परिसराची ताठरता जणू मोजत असते.

२००६ मध्ये ॲडम एंग्लर, शमिक सेन, ली स्वीनी व डेनिस डिशर यांनी अमेरिकेत याच मूलकोशिका निरनिराळ्या ताठरतेच्या जेलवर वाढविल्या. ताठरता किलोपास्काल या एककात मोजतात. आकडा जितका मोठा तितका पदार्थ दाबण्यास वा ताणण्यास कठीण. मेंदूच्या ऊतकाइतक्या मऊ (०·१ ते १ किलोपास्काल) जेलवर कोशिकांत तंत्रिका कोशिकांची, स्नायूसारख्या (८ ते १७ किलोपास्काल) जेलवर स्नायू कोशिकांची आणि कोवळ्या अस्थिद्रव्यासारख्या (२५ ते ४० किलोपास्काल) जेलवर अस्थिजनक कोशिकांची लक्षणे दिसू लागली. मायोसीनाचे आकुंचन औषधाने थांबविताच ही निवड नाहीशी झाली. पहिल्या आठवड्यात रासायनिक द्रव्ये देऊन या कोशिकांची दिशा बदलता येई. काही आठवड्यांनंतर मात्र ती बदलेनाशी झाली. या संशोधकांपैकी सेन यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (आय्‌. आय्‌. टी.) या विषयावरील कार्य चालू ठेवले.

केंद्रकापर्यंतचे मार्ग : तंतूंवरील ताणाचे जनुकांच्या भाषेत रूपांतर कसे होते, याचे तीन मार्ग बऱ्यापैकी उलगडले आहेत.

पहिला मार्ग ॲक्टिनाच्या सुट्या रेणूंचा आहे. जनुके कार्यान्वित करणारे एक सहायक प्रथिन कोशिकाद्रव्यात ॲक्टिनाच्या सुट्या रेणूंना जखडलेले असते. सुटे रेणू तंतूंत गुंफले गेले की हे प्रथिन मोकळे होते, केंद्रकात शिरते व तेथील दुसऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने स्नायू व कंकाल यांच्याशी संबंधित जनुके व्यक्त करविते. लंडन येथील रिचर्ड ट्रीसमन व सहकारी यांनी २००३ पर्यंत हा मार्ग उलगडला. या जनुकांत खुद्द ॲक्टिनाचे जनुकही असल्याने तंतू वाढले की तंतूंचा कच्चा मालही वाढतो.

दुसरा मार्ग ‘याप’ व ‘ताझ’ या दोन प्रथिनांचा आहे. इटलीतील पादुआ येथील स्तेफानो पिक्कोलो व सहकारी यांनी २०११ मध्ये असे दाखविले की, कोशिका ताठ पृष्ठावर पसरलेली असताना ही प्रथिने केंद्रकात असतात आणि मऊ पृष्ठावर किंवा गोलसर अवस्थेत ती केंद्रकाबाहेर राहतात. ही प्रथिने काढून टाकलेली मूलकोशिका ताठ पृष्ठावर असूनही मऊ पृष्ठावर असल्यासारखी वागते व मेदाकडे वळते.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष यांत्रिक जोडणीचा आहे. कोशिकापटलातील इंटिग्रीन प्रथिने बाहेरील आधारद्रव्याला व आतील ॲक्टिनाला जोडलेली असतात. केंद्रकाच्या आवरणातून आरपार जाणारी नेस्प्रिन व सन ही प्रथिने कंकालाला आतील लॅमिन-अस्तराशी व त्यामार्फत क्रोमॅटिनाशी (डीएनए व प्रथिने यांच्या संयुक्त द्रव्याशी) जोडतात. १९९७ साली मॅनिओटिस, चेन व डोनाल्ड इंगबर यांनी कोशिकेच्या पृष्ठावरील इंटिग्रीन सूक्ष्म नळीने ओढले असता आतील केंद्रकही ओढले गेले. डिशर यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखविल्याप्रमाणे लॅमिन-ए चे प्रमाण मेंदूसारख्या मऊ ऊतकात कमी व अस्थीसारख्या ताठ ऊतकात अधिक असते. म्हणजेच केंद्रकाचे कवचही परिसराला अनुसरून घडते.

उपकला-मध्योतक प्रकारांतर : निसर्गात ठळकपणे दिसणारे प्रकारांतर म्हणजे उपकला कोशिकेचे मध्योतकी (सैल, भ्रमणशील) कोशिकेत होणारे रूपांतर होय. उपकला कोशिका विटांप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात, त्यांना वरची व खालची बाजू असते आणि त्यांच्यातील ॲक्टिन कडेने पट्ट्यासारखे असते. रूपांतराच्या वेळी शेजारणींना जोडणारे ई-कॅड्हेरीन हे प्रथिन कमी होते, ॲक्टिनाचा पट्टा मोडून ताणतंतू बनतात, केराटीनाबरोबर व्हायमेंटिन दिसू लागते आणि कोशिका लांबट होऊन निसटते. एलिझाबेथ हे यांनी भ्रूणांच्या अभ्यासातून ही घटना प्रथम स्पष्ट केली. १९८२ साली ग्रीनबर्ग व हे यांनी नेत्रभिंगाची उपकला कोलॅजेन जेलमध्ये ठेवली असता तिच्यातील कोशिका सुट्या होऊन जेलमध्ये भटकू लागल्याचे नोंदविले. भ्रूणात तंत्रिका-नलिकेच्या वरच्या कडेवरून अशाच सुटलेल्या कोशिकांपासून चेहऱ्याची बरीचशी हाडे, त्वचेतील रंगद्रव्य कोशिका व अनेक तंत्रिका कोशिका तयार होतात. वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) नलिका बनताना याच्या उलट दिशेचे रूपांतर घडते. [→ भ्रूणविज्ञान].

जखम व व्रण : जखमेच्या जागी तंतुजनक कोशिकांचे स्नायुतंतुजनक कोशिकांत रूपांतर होते. १९७१ मध्ये गाब्बियानी, रायन व मायनो यांनी त्यांचे वर्णन केले. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत आढळणारे ॲक्टिन या कोशिकांच्या ताणतंतूंत येते व त्यामुळे त्या जखमेच्या कडा जवळ ओढू शकतात. जखम भरल्यावर या कोशिका बहुधा मरून जातात. तसे न झाल्यास एक दुष्टचक्र सुरू होते : कोशिका आधारद्रव्य ओढून व त्यात कोलॅजेनाची भर घालून ते ताठ करतात आणि ताठ आधारद्रव्यामुळे नव्या कोशिकाही त्याच प्रकारच्या होत राहतात. फुप्फुस, यकृत व वृक्क यांतील तंतुमय काठिण्याच्या विकारांत हेच आढळते. सुपारी चघळण्याच्या सवयीने गालांच्या आतील थराला येणाऱ्या काठिण्यातही या कोशिका आढळल्या आहेत. या विकारात तोंड उघडणे उत्तरोत्तर अवघड होते व पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.

कर्करोग : अर्बुदातील (गाठीतील) कोशिका कोणत्या ऊतकातून उद्भवली हे ओळखण्यासाठी तिच्यातील मध्यम तंतूंची प्रतिपिंडांनी तपासणी करतात. केराटीन आढळल्यास ती उपकलेतून, तर डेस्मिन आढळल्यास बहुधा स्नायूतून आलेली असते. रूप हरवलेल्या अर्बुदांच्या निदानात ही तपासणी रुग्णालयांत नित्याची झाली आहे. मुखाच्या कर्करोगात केराटीन ८ व १८ ही मुखाच्या प्रौढ अस्तरात सामान्यतः नसणारी जोडी दिसून येते. नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत तिच्यावर अभ्यास झालेला आहे. अर्बुदातून निसटून दूरवर पसरणाऱ्या कोशिका वर वर्णिलेल्या प्रकारांतराचा उपयोग करतात, असे मत प्रचलित आहे. तथापि २०१५ साली उंदरांवर झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत हे प्रकारांतर घडल्याशिवायही फैलाव होऊ शकतो, मात्र औषधांना न जुमानण्याशी त्याचा संबंध असतो, असे दिसून आले. कित्येक कोशिका अर्धवट बदललेल्या अवस्थेतच फिरतात, हेही आता मान्य झाले आहे. [→ कर्करोग].

कृत्रिम प्रकारांतर : १९८७ साली डेव्हिस, वाइनट्रॉब व लासार यांनी मायो-डी या एकाच प्रथिनाच्या साहाय्याने तंतुजनक कोशिकांचे स्नायू कोशिकांत रूपांतर केले. २००६ मध्ये काझुतोशी ताकाहाशी व शिन्या यामानाका यांनी चार जनुके घालून उंदराच्या तंतुजनक कोशिकांना भ्रूणातील मूलकोशिकांसारखी अवस्था प्राप्त करून दिली. या बदलाच्या पहिल्या काही दिवसांत लांबट कोशिका ताणतंतू गमावतात, ई-कॅड्हेरीन बनवितात व उपकलेप्रमाणे एकमेकींना चिकटतात. ही पायरी अडविल्यास पुढील रूपांतर थांबते, असे २०१० मध्ये आढळून आले. २०१३ साली कॅलिफोर्नियात साँग ली व सहकारी यांनी सूक्ष्म खाचा असलेल्या पृष्ठावर कोशिका वाढवून या रूपांतराचे प्रमाण वाढविले. सिंगापूर येथील जी. व्ही. शिवशंकर व सहकारी यांनी तर २०१८ मध्ये कोणतेही जनुक किंवा रासायनिक द्रव्य बाहेरून न घालता, केवळ अरुंद आयताकृती ठशांवर कोंडून वाढविलेल्या तंतुजनक कोशिकांत मूलकोशिकांची काही लक्षणे निर्माण झाल्याचे दाखविले.

मर्यादा व उपयोग : कंकाल एकट्याने कोशिकेचा प्रकार ठरवितो, असे वरील पुराव्यावरून म्हणता येत नाही. चेन यांच्या प्रयोगात अस्थी व मेद यांकडे नेणारी द्रव्ये पोषक द्रवात होतीच. ताणाने त्यांपैकी एकीच्या बाजूने कौल दिला. शिवाय बहुतेक प्रयोग सपाट पृष्ठांवर झाले आहेत. शरीरात कोशिका चोहोबाजूंनी वेढलेली असते. अशा त्रिमितीय जेलमध्ये कोशिकेचा आकार व तिचे भवितव्य यांचे नाते तसेच राहत नाही. भोवतालचे जेल विरघळवून त्यावर ओढ घेता येते की नाही, हे तेथे महत्त्वाचे ठरते, असे २०१३ मध्ये आढळले. जेलची ताठरता की त्याला प्रथिने चिकटविण्याची रीत कारणीभूत, याविषयीही २०१२ ते २०१४ या काळात मतभेद झाले.

व्यवहारात मात्र या ज्ञानाचा उपयोग होऊ लागला आहे. गुडघ्यातील झिजलेल्या कूर्चेच्या जागी रुग्णाच्याच कूर्चा कोशिका वाढवून बसविण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमधील वैद्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. या कोशिका प्लॅस्टिकच्या पात्रात वाढविल्या की त्या पसरट होऊन कूर्चेची लक्षणे गमावतात, ही त्यातील अडचण बेन्या व शॅफर यांनी वर्णिलेलीच आहे. म्हणून पुढे त्यांना त्रिमितीय आधारांत ठेवण्याच्या पद्धती निघाल्या. २०१४ मध्ये क्रिस्टी ॲन्सेथ व सहकारी यांनी असेही दाखविले की, ताठ पृष्ठावर दीर्घकाळ वाढविलेल्या मूलकोशिका मऊ जेलवर हलविल्यानंतरही ‘याप’ केंद्रकातच ठेवतात; अल्पकाळ वाढविलेल्यांमध्ये ते बाहेर येते. त्यामुळे उपचारासाठी कोशिका वाढविताना कोणते पोषक द्रव्य वापरले एवढीच नोंद पुरेशी नसून त्या कशावर, किती दाटीत व किती दिवस वाढविल्या, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते.